ऊन लागलंय, असं आम्ही सांगितलं

काल कूलर बाहेर काढला. कूलरवाल्याने तिन्ही ताट्यांतलं जुनं गवत काढून नवं भरलं, टाकीत पाणी सोडलं, पंप दोनदा थोपटला आणि म्हणाला, "यंदा लेट केलं मॅडम, अर्धं नागपूर थंड करून आलो मी." मग पंखा फिरला आणि तो वास घरभर झाला. सई, ओम, तुम्हाला तो आठवत असेल. ओल्या गवताचा, थोडा तळ्याच्या काठासारखा, थोडा भिजलेल्या पोत्यासारखा. मे महिन्यात तुम्ही दोघं यायचात तेव्हा कूलरच्या तोंडाशी बसून "आऽऽ" करायचात, आवाज चिरला की खिदळायचात, आणि मी स्वयंपाकघरातून ओरडायची की सर्दी होईल.

मलाही तो वास आवडायचा. आता चार वर्षं झाली, तो आला की मी उठून खिडकी उघडते.

मी सगळं लिहून ठेवणारी बाई आहे, हे तुम्हाला सांगायला नको. माझ्या डब्यांवर नावं असतात, औषधांवर तारखा असतात. छत्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, प्रत्येक वर्गाच्या वह्या अजून बांधून ठेवल्या आहेत. तुमचा पहिला दात कधी पडला तेही माझ्याकडे आहे. त्या एका उन्हाळ्याबद्दल मात्र माझ्याकडे एक ओळ नाही. ती मी मुद्दामच लिहिली नाही. आणि मागच्या रविवारी सईचा डब्लिनहून फोन आला.

संध्याकाळचे पाच वाजले होते. तिने इकडचं तिकडचं विचारलं, आणि मग आवाज जरा हळू केला.

"आजी, एक विचारू? आपल्या घरात कोणाला डिप्रेशन होतं का गं? मी इथे एकीकडे जाते बोलायला. त्यांनी विचारलंय."

"छे गं," मी म्हणाले. "आपल्याकडे असलं काही नाही."

मला विचार करावा लागला नाही. तोंडातून आपोआप आलं, जसं दारावर कोणी वर्गणी मागायला आलं की येतं.

"बरं," सई म्हणाली, आणि मग तिने मला साबुदाणा किती वेळ भिजवायचा ते विचारलं.

फोन ठेवला तेव्हा दिसलं, तुमचे आजोबा समोरच्या खुर्चीत बसले होते. वर्तमानपत्र हातात होतं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मग त्यांनी पान उलटलं.

चार वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये हे कधी सुरू झालं, ते मी शोधत बसते. तारीख सापडत नाही. आजोबा आयुष्यभर जमीन मोजणीच्या खात्यात होते. मौदा, कुही, भिवापूर, सगळी शेतं पायाखालून गेलेली. रस्त्याने जाताना कोणी "दोन किलोमीटर असेल" म्हटलं की हे म्हणणार, "एक आठशे." ते म्हणणं कधीतरी बंद झालं. मला वाटलं, चला, सवय सुटली एकदाची. मग आंब्याचा रस नको झाला. मग शेजारच्यांशी फाटकात उभं राहून बोलणं नको झालं. मला वाटलं, उन्हाळा आहे.

एका दुपारी मी बाजारातून आले. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ झालं होतं, चपलेला चिकटत होतं. आमच्या प्रताप नगरात चिटपाखरू नव्हतं. आत आले तर आजोबा कूलरसमोर बसलेले. कूलर चालू होता, पण टाकीतलं पाणी कधीच संपलं होतं. पंप कोरडा घरघरत होता आणि भट्टीसारखी गरम हवा थेट त्यांच्या तोंडावर येत होती. केस उडत होते. अंगावरचा शर्ट घामाने भिजून परत वाळला होता, त्यावर मिठाच्या रेषा होत्या.

"अहो, पाणी संपलंय!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हो का?" म्हणाले. इतक्या शांतपणे, की मला बादली घ्यायचं सुचेना.

डिप्रेशन हा शब्द मला माहीत नव्हता असं नाही. मी तो शिकवला होता, फळ्यावर लिहिला होता, त्याची विशेषणं आणि क्रियापदं मुलींकडून घोकून घेतली होती. घरात समोर बसलेला दिसला तेव्हा मात्र मी त्याला ओळखलं नाही. मी एक तक्ता केला.

हसू नका. मला दुसरं काही येत नाही. फ्रिजवर लावला, पट्टीने रेघा मारून. सहा वाजता फिरणे. पावणेसातला चहा. सातला वर्तमानपत्र, मोठ्याने. दहाला झाडांना पाणी. चारला आनंदी गप्पा, पंधरा मिनिटं. प्रत्येक कामापुढे खूण करायला चौकोन. आजोबांनी एका शब्दाने विरोध केला नाही. टोक काढलेल्या पेन्सिलीने रोज खुणा केल्या, नीट, मोजणीच्या नकाशावर करत तशा. मी खूश. चारला खुर्च्या समोरासमोर ठेवून आम्ही बसायचो आणि मी बोलायची. पंधरा मिनिटं झाली की ते उठून खूण करायचे.

दुसऱ्या आठवड्यात, बुधवारी, मला दिसलं की रविवारपर्यंतच्या सगळ्या चौकोनांत खुणा झालेल्या आहेत. गुरुवारचं फिरणं, शुक्रवारचा चहा, शनिवारच्या आनंदी गप्पा. त्यांनी सगळं एका बैठकीत उरकून टाकलं होतं.

मी फ्रिजला टेकून उभी राहिले. त्या दिवशी पहिल्यांदा मला भीती वाटली.

डॉक्टर मीच शोधल्या. आमच्या बाजूलाही होते, पण मला लांबचे हवे होते. लकडगंजात आपलं कोणी राहत नाही, म्हणून लकडगंज. वेळ मागितली दुपारी दोनची, कारण मे महिन्यात दुपारी दोनला नागपुरात कोणी कोणाला भेटत नाही. आणि निघताना दोघांनी तोंडाला दुपट्टे बांधले. ते तर सगळं शहरच बांधतं. कान, नाक, कपाळ, सगळं आत, फक्त डोळे बाहेर, त्यावर गॉगल. आजोबांच्या खिशात मी एक कांदा ठेवला, लू लागू नये म्हणून. इतकं चांगलं सोंग वर्षातून दोनच महिने मिळतं. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं, हे कबूल करते.

दवाखाना लाकडाच्या वखारीच्या वर होता. खाली लाकूड कापायचा आरा चालायचा. जिन्यात सागवानाच्या भुशाचा गोडसर वास, आणि दर दोन मिनिटांनी एक लांब किंचाळी, जी थांबली की कानात पोकळी व्हायची. वर लहानशी खोली, आठ खुर्च्या, एक कूलर. आम्ही दोघं बसलो आणि आठही खुर्च्या भरल्या, सगळी माणसं दुपट्टे बांधलेली. आत कूलर चालू, थंड हवा, तरी एकाने गाठ सोडलेली नाही. गॉगलसुद्धा नाहीत काढले. मी बसल्या बसल्या मोजले, आमचे धरून चार दुपट्टे पांढरे, दोन फुलांचे, दोन चौकटीचे.

माझ्या शेजारची फुलांचा दुपट्टा बांधलेली बाई जरा झुकली आणि दुपट्ट्याच्या आतून म्हणाली, "मॅडम, ओळख नका देऊ. मी पण देऊन नाही राहिली."

आवाज ओळखीचा होता. आमच्याच गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या मेश्रामबाई. रोज सकाळी झपझप फिरायला जाणाऱ्या, सगळ्यांना नमस्कार करणाऱ्या.

"तुम्ही कोणाला घेऊन आलात?" मी विचारलं.

"मी मलेच घेऊन आली," त्या म्हणाल्या. "पोरगा म्हणते, आई फिरत जा, फिरत जा. फिरून फिरून चपला झिजल्या ना मॅडम, मन काही हललं नाही."

मला हसू आलं, आणि दुपट्ट्यात ते कोणाला दिसलं नाही. आजोबांना ऐकू गेलं असावं. त्यांनी मान वळवून मेश्रामबाईंकडे पाहिलं. कित्येक दिवसांत स्वतःहून केलेली ती पहिली हालचाल होती.

डॉक्टरबाई तुमच्या बाबांच्या वयाच्या. त्यांनी आजोबांना विचारलं, "काका, सकाळी उठावंसं वाटतं का?"

"उठतात ना," मी म्हणाले. "साडेपाचला. त्यांची शिस्त आहे."

"काकू, त्यांना सांगू द्या."

आजोबा टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. डॉक्टरबाईंनी जेवणाचं विचारलं, मी सांगितलं. झोपेचं विचारलं, मी सांगितलं. मी सोबत एक कागदही नेला होता, मुद्देसूद लिहून, दोन प्रती. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "काका, जगून काय करायचं, असं कधी मनात येतं?"

"छे! असं काही नाही," मी म्हणाले.

त्या माझ्याकडे पाहतच नव्हत्या. खालचा आरा एक ओंडका पूर्ण कापेपर्यंत त्या थांबल्या.

"येते," आजोबा म्हणाले. "रोजच येते. हिले सांगितलं नाही. ही घाबरते."

तुम्हाला खरं सांगायचं म्हणून लिहिते आहे, तर तेही लिहिते. मी घाबरले नाही. मला राग आला. माझ्या घरात, माझ्या टेबलावर जेवणाऱ्या माणसाच्या मनात रोज असं येतं आणि मला ते ठाऊक नाही! मी काय करत होते मग इतके दिवस? चौकोन आखत होते. राग ओसरायला लकडगंज ते प्रताप नगर एवढा रस्ता लागला, आणि त्यानंतर जे आलं त्याला मला अजून शब्द सापडला नाही. दोन भाषा येतात मला.

पुढच्या वेळेपासून डॉक्टरबाई मला बाहेर बसायला सांगू लागल्या. आत अर्धा तास ते दोघं, बाहेर मी. आऱ्याच्या आवाजात आतलं एक अक्षर ऐकू यायचं नाही. मी बॅगेत स्वेटर विणायला नेत असे, मे महिन्यात. परत येताना ऑटोत विचारायची, "काय बोललात?" "काही नाही." "काहीतरी असेलच ना?" "मोजणीचं बोललो." फी भरून बायको बाहेर बसते आणि हे मोजणीचं बोलतात! पण विचारायचं नाही असं डॉक्टरबाईंनी बजावलं होतं. गप्प बसणं हा विषय मी कधी शिकवलाही नाही, शिकलेही नाही.

एकदा मात्र त्यांनी स्वतःहून सांगितलं. ऑटोच्या छतावर चालकाने ओलं पोतं टाकलं होतं, त्याचं पाणी टपटप बाहेर गळत होतं. आजोबा तिकडे बघत म्हणाले, "शेत मोजायले गेलं अन् हद्दीचा दगडच नाही सापडला, की कसं होते, तसं होते मले. शेत असते तिथंच. धुऱ्याचा बांध असते, झाडं असतात. पण कुठून सुरू करू, ते कळत नाही. मग माणूस उभा राहते उन्हात."

मी म्हणाले, "मग दगड नाही सापडला तर काय करायचात तुम्ही?"

"दुरून एखादी पक्की खूण धरायची, अन् तिथून मोजत यायचं. पण ती दिसली पाहिजे ना."

मी त्यांचा हात धरला. तो गरम होता, कोरडा होता. मी कोणती खूण होते? असायला हवी होते. मला ते विचारायचं धाडस झालं नाही.

घरी फोन यायचे. सगळ्यांना मी एकच उत्तर दिलं: "ऊन लागलंय." नागपुरात या दोन शब्दांपुढे कोणी काही विचारत नाही. जेवत नाहीत? ऊन लागलंय. लग्नाला आले नाहीत? ऊन लागलंय. तुमच्या बाबांनाही मी हेच सांगितलं. तो म्हणाला, "आई, त्यांना दुपारी बाहेर पाठवू नकोस ना." आणि मी दर आठवड्याला दुपारी दोनला त्यांना घेऊन बाहेर पडत होते.

आणि ऊन लागलं म्हटल्यावर उपचारही तेच आले. कोणी कैरीचं पन्हं पाठवलं, कोणी धन्याचं पाणी. मौद्याहून शकूताई आल्या, आजोबांच्या थोरल्या बहीण. बसने, टळटळीत उन्हात, कैऱ्यांची पिशवी आणि काशाची वाटी घेऊन. दारातूनच सुरू झाल्या.

"काहून वं सुमन, माझ्या भावाले उन्हात फिरवून राहिली का तू? शिकलीसवरली बाई, अन् एवढं समजत नाही तुले?"

"नाही हो ताई."

"मग कसं लागलं ऊन? घरात घुसून लागलं?" मग आजोबांकडे वळून, "काहून गा मधू, जेवत काहून नाही? बायकोचा सैपाक गोड नाही लागत का आता? चाळीस वर्षं लागला!"

आजोबांना पलंगावर निजवून त्यांनी तळपायांना तूप लावलं आणि काशाच्या वाटीने घासायला बसल्या. गोल गोल, न थांबता. पाय काळे होऊ लागले. "बघ बघ, किती गरमी निघून राहिली! भरली होती नुसती." आजोबा छताकडे बघत पडले होते. त्यांच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी येऊ लागलं आणि कानांवरून उशीत जाऊ लागलं. आवाज नाही, चेहरा हललेला नाही. शकूताईंचा हात थबकला.

"डोळ्यांतून बी निघून राहिली गरमी," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा घासू लागल्या.

"हो," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना बसवर सोडायला गेले. बसमध्ये चढता चढता त्या खाली उतरल्या, माझं मनगट धरलं.

"सुमन, आमचा बाप असाच बसत होता वं. भिंतीकडे तोंड करून. तवा ऊन नव्हतं. थंडीचा पूस महिना होता." आणि लगेच, "पन्ह्यात गूळ टाकजो, साखर नको." बस गेली.

तेही मी कुठे लिहून ठेवलं नाही.

मग जून सरत आला, हवा फिरली, आणि शहराने तोंडावरचे दुपट्टे सोडले. आमचं निमित्तही गेलं. उघड्या तोंडाने लकडगंजच्या त्या जिन्यात उभं राहायचं मला जमेना. मी आजोबांना विचारलं, "आता बरं वाटतंय ना तुम्हाला?" प्रश्न असा विचारला की त्याचं एकच उत्तर होतं. ते म्हणाले, "हो." आम्ही जाणं थांबवलं. गोळ्या संपल्या, त्या मी पुन्हा आणल्या नाहीत. दिवाळीपर्यंत ते पुन्हा त्याच खुर्चीत होते, पहिल्यापेक्षा खोल, आणि तेव्हा मला सांगायला ऊनही नव्हतं. मी त्यांना परत घेऊन गेले तेव्हा डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर जाणं सुटलं नाही. काही महिने चांगले जातात, काही जात नाहीत. का, ते मला कळत नाही. तेच जेवण, तेच घर, त्याच गोळ्या. मी काय जास्त केलं म्हणून बरं गेलं, आणि काय कमी पडलं म्हणून गेलं नाही, हे मी अजून शोधते. डॉक्टरबाई म्हणतात, काकू, ते तुमच्या हातात नाही. हे वाक्य मला अजून नीट स्वीकारता येत नाही.

तर, काल कूलरवाला गेल्यावर मी आजोबांच्या समोर बसले. "सई विचारत होती," मी म्हणाले.

"ऐकलं मी."

"मी नाही म्हणाले."

"ते बी ऐकलं."

"तिला सांगू?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मी मध्ये बोलले नाही, आणि ते किती अवघड गेलं ते मलाच माहीत. "सांग ना," ते म्हणाले. "काहून नाही सांगायचं? पोरगी तिकडे एकटी आहे. अन् माझंच नाव सांग. दूरचे कोणी काका, असं नको करू. अन् आमच्या बापाचं बी सांग."

मी फोन लावला. सगळं सांगितलं, क्रमाने नाही, जसं आलं तसं. मला वाटलं लाइन गेली. मग तिचा श्वास ऐकू आला.

"आजी, तू नाही म्हणालीस ना, तेव्हा मला वाटलं, मीच पहिली. सगळ्या घरात मीच एक अशी निघाले."

क्षमा मागावी, तर ती कोणत्या गोष्टीची, ते ठरेना. पाच हजार मैलांवर एक मूल एका खोलीत बसलं होतं, आणि मी त्याच्या डोक्यावर हातसुद्धा ठेवू शकत नव्हते.

"आजोबा बरे झाले का मग?" तिने विचारलं.

मी तोंड उघडलं. मग फोन आजोबांना दिला.

त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. "सई," ते म्हणाले. "अधूनमधून होतो बरा. या महिन्यात नाही जमून राहिलं. पण मी जातो. मंगळवारी जातो. तू कोणत्या वारी जाते?"

तिकडून ती काहीतरी म्हणाली.

"बरं. मग गुरुवारी तू जाऊन आली की मले सांगजो. फक्त गेली होती, एवढंच सांग. अन् मंगळवारी मी तुले सांगतो."

त्यानंतर दोघांनीही फोन ठेवला नाही. मी त्यांच्याजवळ उभी होते. मला करण्यासारखं काहीच नव्हतं. मी तिथेच उभी राहिले.